ए, ॲन, द शिकवायला इतकं शिकवलं का?

पत्र: माझी मुलगी 23 वर्षांची. शिक्षण मराठी माध्यमातून. दहावीला 84 टक्के, बारावीला 71, आता इंग्रजी विषय घेऊन बी.ए., 63 टक्के. मी साखर कारखान्यात क्लार्क आहे. तिने पुण्याला जाऊन एमपीएससी करावी म्हणून दोन वर्षांच्या खर्चाची सोय करून ठेवली आहे. पण ती म्हणते, बी.एड. करून सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणार. सध्या गल्लीतली अकरा पोरं सोप्यात बसवून ग्रामर शिकवते. एकाच पोराकडून एकच परिच्छेद तीन-तीनदा लिहून घेते आणि रात्री अकरापर्यंत वह्या तपासत बसते. पोरांना ए, ॲन, द शिकवायला इतकं शिकवलं का? शिवाय ती स्वतःच इंग्रजी बोलताना अडखळते. तिला तुमच्या शब्दांत समजवा. मी पत्र लिहिल्याचं मात्र तिला कळू देऊ नका. – एक पालक, जि. सांगली

नमस्कार.

तुमच्या मुलीच्या टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची. मुलगी पदवीधर आहे, पोरांच्या आया विश्वासाने आपली मुलं तिच्याकडे पाठवतात आणि तिच्या पुढच्या आयुष्याची बोलणी तुम्ही तिला न सांगता एका परक्या माणसाशी करताय. तुमचा हेतू चांगला आहे, त्यात शंका नाही. पण अशा पत्राला तिच्या अपरोक्ष उत्तर देणं मला जमणार नाही. म्हणून हे उत्तर तिला समजावण्यासाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासाठी लिहिलं आहे.

दोन वर्षांच्या खर्चाची सोय केलीत म्हणता. क्लार्कच्या पगारात ती सहज होत नसते, कुठून तरी ओढून आणावी लागते. पण एकदा पैसे उभे राहिले, की मुलीला ‘नको’ म्हणायला जागा उरत नाही. पुण्यात अभ्यासिकेत बसणाऱ्या ज्या मुली माझ्याकडे येतात, त्यातल्या काहींना परीक्षेची भीती कमी आणि घरी फोन करायची जास्त असते. बाबांनी एवढं केलं, आता कुठल्या तोंडाने सांगू? तुमची मुलगी निदान जायच्या आधी सांगतेय. एमपीएससीबद्दल माझं काही वाकडं नाही. जिला प्रशासनात जायचंय तिने खुशाल जावं. पण तुमच्या अख्ख्या पत्रात, तिला अधिकारी व्हायचंय असं एकही वाक्य नाही. ते तुम्हाला हवंय.

आता तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचा. एकच परिच्छेद तीन-तीनदा लिहून घेते. अहो, लेखन शिकवायचं म्हणजे हेच. ‘माय फेव्हरिट टीचर’ हा निबंध फळ्यावर लिहून द्यायचा, चाळीस वह्यांत तोच उतरवायचा, खाली लाल सही. असं वर्षानुवर्षं चालत आलेलं आपण पाहिलंय. त्या चाळीस मुलांना स्वतःचं एक वाक्य लिहिता येत नाही. तुमची मुलगी बहुधा पहिल्या खेपेला मुलाला हवं ते लिहू देते, दुसऱ्यांदा एकाच प्रकारच्या चुका दाखवते, समजा फक्त काळाच्या, आणि तिसऱ्यांदा स्वच्छ लिहायला सांगते. तसं असेल तर कुणी न शिकवताच तिला या कामातली मोठी खूण सापडली आहे. पान लाल करून हातात दिलं की पोर वही मिटून ठेवतं.

आणि तिच्या अडखळण्याबद्दल. मराठी माध्यमातली मुलगी इंग्रजी काय शिकवणार, हा समज मी इतक्या घरांत ऐकलाय की त्यावर सविस्तर बोलायलाच हवं. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीपासून होतं, म्हणजे तुमच्या-माझ्या पिढीची एबीसीडीच पाचवीला सुरू झाली. त्यामुळे फाडफाड बोलणारा तो इंग्रजीचा जाणकार, असं मनात बसलंय. पण सातवीतला मुलगा लिहितो, “फादर सेड दॅट आय विल ब्रिंग अ न्यू बॅग.” नुसतं फाडफाड बोलणारा माणूस म्हणेल चूक, ‘ही वुड’ लिही, पुढचं घे. मराठीतून इंग्रजीकडे आलेल्या शिक्षिकेला मात्र चूक कुठून आली तेही कळतं. आपण म्हणतो, “बाबा म्हणाले की मी नवीन दप्तर आणीन.” मराठीत बाबांचा ‘मी’ तसाच राहतो, आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजीत तसं लिहिलं तर दप्तर पोरानेच आणायचं ठरतं! ती त्याला एवढंच विचारेल, “दप्तर कोण आणणार रे? तू की बाबा?” पोर स्वतःच खोडून ‘ही’ करेल आणि पुन्हा सहसा चुकणार नाही. तुमच्या ‘ए, ॲन, द’चंही तेच. मराठीत ‘द’ नाहीच, मग तो मुलांना दाखवायचा कसा? गोष्टीतून. “एक होता राजा. राजाला दोन राण्या.” पहिल्या वाक्यातला राजा आपल्याला माहीत नाही, तिथे ‘अ किंग’. दुसऱ्यातला ओळखीचा झाला, तिथे ‘द किंग’. सहावीच्या मुलाला हे पाच मिनिटांत पटतं. व्याख्या पाठ करून दहावीपर्यंत पटत नाही.

तरीही तिचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. बोलण्यातली अडखळ सरावाने जाईल, पण तिचं लेखन तपासायला हवं. गाइडमधली उत्तरं पाठ करून इंग्रजीत बी.ए. होता येतं, हे तिलाही ठाऊक असेल. तिने मोबाइल बाजूला ठेवून ‘मी ही मुलं का शिकवते’ यावर एक पानभर इंग्रजी लिहावं आणि आठ दिवसांनी तेच पान स्वतः तपासावं. स्वतःच्या चुका स्वतःला दिसल्या तर तिने पुढे जावं. दिसल्या नाहीत तर आधी सहा महिने रोज वाचन आणि रोज अर्धं पान लेखन, मग बाकीचं.

वाट नेहमीचीच: सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, दोन वर्षांचं बी.एड., महाटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर दोन, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. पदवीला 50 टक्के लागतात, ते आहेत. मात्र टीईटीचा पेपर दोन 150 गुणांचा असतो, त्यात इंग्रजी फक्त 30. गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र, यांपैकी एक 60 गुणांना घ्यावंच लागतं. इंग्रजीच्या पदवीधर मुली गाफील राहतात त्या इथेच. सहावी ते आठवीला भाषेचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली की गावाकडच्या शाळेत मराठी, हिंदीचे तासही वाट्याला येऊ शकतात. एका वर्गाच्या चाळीस वह्या, वहीला तीन मिनिटं धरली तरी दोन तास जातात. असे तीन वर्ग. रात्रीचे अकरा वाजणं तेव्हाही चालूच राहील.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. सरकारी नेमणुकीत पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन मिळतं. 2023 पासून उच्च प्राथमिकला ते महिना 16,000 रुपये झालं. पहिली अभियोग्यता चाचणी 2017 ला झाली आणि दुसरी थेट 2023 ला, तिसरी 2025 ला. मधल्या वर्षांत खासगी शाळेत शिकवावं लागेल, तेही पगार बँकेत जमा होतो की हातात मिळतो हे विचारूनच. आणि जागेसाठी पैसे मागणाऱ्या संस्थेच्या दारात बाप म्हणून तुम्ही जाऊ नका. एमपीएससीसाठी ठेवलेले पैसे तिकडे वळवायचा मोह होईल, म्हणून आधीच सांगतोय.

या रविवारी कारखान्याला सुट्टी असेल तर सोप्यात एका कडेला बसा, ती शिकवत असताना. मध्ये बोलू नका. मुलं गेली की कुठल्याही एका पोराची वही मागा आणि तिन्ही वेळचा तोच परिच्छेद शेजारी ठेवून पाहा. इंग्रजी पुरतं वाचता आलं नाही तरी हरकत नाही, पहिल्यात आणि तिसऱ्यात काय बदललं ते तिलाच विचारा. त्यानंतर मला पत्र लिहिल्याचं तिला सांगा आणि हे उत्तर तिच्या हातात द्या. पुढचं पत्र तिने लिहावं. बी.एड.ला इंग्रजीबरोबर दुसरी मेथड, म्हणजे शिकवण्याचा दुसरा विषय, कोणती घ्यायची, मराठी की इतिहास, यावर मला तिच्याशीच बोलायचं आहे.