ओटीच्या नारळांचे बार

प्रश्न: नवरात्रातले ओटीचे नारळ घरात साठले होते. दसऱ्याच्या सुट्टीत मुलांनी (एक सात वर्षांचा, एक दहाची) बाजारात मिळतात तसे नारळाचे बार करायचा हट्ट धरला. ओला नारळ खवून, कंडेन्स्ड मिल्क घालून ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, भाजले. वरून करपले, खालचा मैद्याचा थर गिच्च राहिला आणि कापायला गेले तर नुसता चुरा. सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा वड्या थापायच्या होत्या की!" दिवाळीत नणंदेची मुलं गडहिंग्लजहून येणार आहेत, तेव्हा पुन्हा करायचे म्हणते. कुठे चुकलं? आणि मुलांना ओव्हनपाशी कितपत येऊ द्यावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: ताई, ओव्हनला बोल लावू नका. सगळा घोळ नारळाच्या ओलीचा आहे. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. पाककृतीत लिहिलेलं असतं ते डेसिकेटेड खोबरं, म्हणजे कोरडं ठणठणीत. तुम्ही तेवढ्याच वजनाचा ओला नारळ घातलात, त्याचं पाणी खालच्या थरात उतरलं, तो शिजला नाही. तो शिजेल म्हणून बार आत ठेवले असणार, तोवर वरच्या कॉइलखाली दुधातली साखर करपली.

म्हणून आधी खोबरं परतायचं. दोन मध्यम नारळांचा साधारण ३०० ग्रॅम चव घ्या, खवताना पाठीचा काळा भाग येऊ देऊ नका. जाड बुडाच्या कढईत, तूप न घालता, मंद आचेवर हलवत राहा. आधी वाफ येईल, मग वाफ थांबेल, खोबरं सुटं होऊन कालथ्याला चिकटायचं बंद होईल. चिमूटभर गार करून मुठीत आवळा. लाडू वळला तर अजून ओल आहे, बोटांतून भुरभुर सुटला तर झालं. रंग मात्र पांढराच राहायला हवा. हे काम सासूबाईंकडे द्या. वड्यांचं मिश्रण कढईपासून कधी सुटतं ते ज्यांच्या हाताला कळतं, त्यांना हेही कळतं. शिवाय मग "वड्याच थापायच्या होत्या की" म्हणायला त्या मोकळ्या राहणार नाहीत.

खालच्या थराचं माप मुलांना तोंडपाठ होईल असं आहे: तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर. आठ इंची चौकोनी टिनाला १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम पिठीसाखर. तोलायचं काम दहा वर्षांच्या मुलीला द्या आणि टिन दुप्पट केला तर किती, हे तिलाच काढू द्या. गार बटरचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखं करायचं काम धाकट्याचं. लहान मुलांचे हात आपल्यापेक्षा गार असतात असं नाही, पण त्यांची बोटं बारीक, त्यामुळे चोळणं छान होतं. टिनात कागद घाला, तो दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबता ठेवा म्हणजे नंतर अख्खा थर उचलता येतो. मैदा टिनात पसरून स्टीलच्या वाटीच्या बुडाने दाबायचा, वाटीला किंचित तूप लावून. हे पोरांना भारी आवडतं, कोपरे तेवढे तुम्ही बघा. तिथेच थर जाड राहतो आणि कच्चा राहतो.

हा थर आधी एकटाच भाजा. १७० अंशांवर पंधरा मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत. मग परतलेलं खोबरं, ३०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, दोन चमचे बारीक रवा आणि वेलदोडा कालवून वर पसरा. रव्याचं नवल वाटू नये. चोर्ला घाट उतरलं की गोव्यात रवा-नारळाचा बाथ नावाचा केक भाजतात, तिथेही रवाच नारळाची ओल धरून ठेवतो. टिन खालच्या जाळीवर ठेवा, पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं. वर लवकर रंग आला तर फॉइल झाकायची.

आणि चुरा? तो घाईचा. खोबरेल थंडीत बाटलीत कसं गोठतं ते तुम्हाला ठाऊक आहे. साधारण २४ अंशांच्या खाली ते घट्ट होतं आणि बारला धरून ठेवायचं निम्मं काम तेच करतं. ऊन बार कापला तर तो चुरणारच. आपल्याकडे दिवाळीच्या रात्री गार असतात, रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी कापा. दिवसा हवे असतील तर फ्रिजमध्ये दोन तास. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी, ओढत कापू नये, वरून सरळ दाबावी. ओल्या नारळाचे आहेत, तेव्हा दोन दिवसांत संपवा नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

आता ओव्हन. ओटीजीची काच आणि वरचा पत्रा बाहेरूनही चांगलाच तापतो. ओट्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर रांगोळीची रेघ मारा. ओव्हन चालू असेपर्यंत रेघेच्या आत फक्त मोठी माणसं. मुलांनी पलीकडे पाट टाकून बसावं आणि कडांचा रंग बदलला की ओरडून सांगावं. टिन आत-बाहेर करणं तुमच्याकडे, सुरीही. ओटीजी पंधरा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, मिक्सरच्या एक्स्टेंशनवर नको. कच्च्या मैद्याचं पीठ मुलांना चाटू देऊ नका, न भाजलेल्या पिठातून पोटाचे आजार होऊ शकतात. खोबऱ्याचं मिश्रण मात्र, रवा घालायच्या आधी, खुशाल चाटू द्या. नाहीतरी ती चाटणारच.

गडहिंग्लज महाराष्ट्रात, तुमचं खानापूर कर्नाटकात. तिकडच्या मुलांना दिवाळीची मोठी सुट्टी, तुमच्यांची मोठी सुट्टी दसऱ्यालाच संपलेली. तेव्हा पाहुण्यांनी दुपारी खवायचं, घरच्यांनी शाळेतून आल्यावर थर दाबायचा, अशी वाटणी करा. नाहीतर भांडणं ठरलेली.

प्रश्न: आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरमध्ये जमतील का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: जमतात की. रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा, पाण्याचा थेंब नको. तळाला बोटभर मीठ, वर जाळी, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर टिन ठेवा. खालचा थर साधारण वीस मिनिटं, नारळ घातल्यावर अर्धा तास. वेळ कुकरगणिक बदलते, कडांचा रंग बघून ठरवा. कोरडा तापवून अॅल्युमिनियम खराब होतं, म्हणून माळ्यावरचा जुना कुकर काढा, रोजच्या भाताचा नको. वरून उष्णता नसल्याने बार पांढरेच राहतात. मूठभर खोबरं वेगळं तांबूस भाजून भुरभुरलं की मुलांची तक्रार राहत नाही. झाकण उघडताना मुलं लांब.

प्रश्न: कंडेन्स्ड मिल्कऐवजी गूळ घातला तर? आणि नारळाऐवजी सुकं खोबरं?
– एक वाचक, गोकाक

उत्तर: सुकं खोबरं चालेल, उत्तमच. तिपटूरची गोटा वाटी मिळाली तर ती घ्या, पाठ सोलून किसा. घेताना वास बघा, खवट असेल तर भाजल्यावर दुप्पट खवट लागतं. खोबरं कोरडं असल्यामुळे २०० ग्रॅमला कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा अख्खा डबा लागेल. गूळ मात्र भट्टीत पाझरतो, मैद्याचा थर ओला करतो. गूळ नि खोबरंच हवं असेल तर पाक करा, डिंक तळून घाला, सुका मेवा घाला आणि ताटात थापा. म्हणजे करदंट. गोकाकात बसून तो मला विचारताय होय?