रेड सॉक्सचा हिवाळा आणि चाहत्यांचा संताप : वाचकांचे प्रश्न

*प्रश्न : २००४ पासून मी बॉस्टन रेड सॉक्सचे सामने बघते. मूकी बेट्स गेला, झँडर बोगार्ट्स गेला, क्रिस सेल गेला, राफाएल डेव्हर्सही गेला. दर वेळी कानावर येतं ते एकच, लक्झरी टॅक्स. हा टॅक्स खरोखर इतका जाचक आहे, की मालकांना पैसा सोडवत नाही? – एक वाचक, फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स*

या चारही जाण्यांची कारणं वेगवेगळी आहेत. टॅक्सचं कारण सगळ्यात जास्त पुढे केलं गेलं ते बेट्सच्या वेळी, म्हणून तिथून सुरुवात करू.

मेजर लीग बेसबॉलमध्ये संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा नाही. एक रेषा आहे आणि ती ओलांडली की वरच्या रकमेवर टॅक्स बसतो. २०२० मध्ये ही रेषा २०.८ कोटी डॉलरवर होती, २०२६ साठी ती २४.४ कोटींवर आहे. पहिल्या वर्षी रेषा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के. रेषेच्या २ कोटींहून अधिक वर गेलात, तर त्यापुढच्या रकमेवर आणखी १२ टक्के. ४ कोटींच्या वर गेलात तर अधिभार आणखी चढतो, शिवाय पुढच्या ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडू आळीपाळीने निवडून घ्यायच्या फेऱ्यांतली) पहिली निवड दहा जागा खाली सरकते. २०१८ चं विजेतेपद मिळवताना बॉस्टनने हा दंड भरला आणि २०१९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांची निवड ३३ वरून ४३ वर गेली. मात्र एकच वर्ष रेषेखाली राहिलं की पाटी कोरी होते आणि पुढच्या खेपेला पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात.

आता रोख आकडे पाहा. समजा संघ रेषेच्या ३ कोटी डॉलर वर आहे. सलग तिसऱ्या वर्षी असेल तर पहिल्या २ कोटींवर ५० टक्के म्हणजे १ कोटी आणि उरलेल्या १ कोटीवर ६२ टक्के म्हणजे ६२ लाख, एकूण १ कोटी ६२ लाख. तोच संघ पहिल्यांदा रेषा ओलांडत असता, तर ४० लाख अधिक ३२ लाख, म्हणजे ७२ लाख. पाटी कोरी केल्याचा फायदा ९० लाख डॉलर. बॉस्टनने २०१८ मध्ये जवळपास १.२ कोटी आणि २०१९ मध्ये १.३ कोटींच्या वर टॅक्स भरला होता. रेड सॉक्ससारख्या श्रीमंत संघाला बेट्ससारखा खेळाडू सोडायला भाग पाडेल एवढी ही रक्कम नव्हे. तो निर्णय मालकांनी आपखुशीने घेतला. तुमचा राग तिथे योग्य जागी आहे.

पण त्या व्यवहारात खरं नुकसान कशामुळे झालं, हे टॅक्सच्या वादात मागे पडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्सबरोबर पिचर (चेंडू टाकणारा) डेव्हिड प्राइसलाही लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवलं. टॅक्स मोजताना कराराची वार्षिक सरासरी धरतात. प्राइसचा करार ७ वर्षांचा, २१.७ कोटींचा, म्हणजे सरासरी ३.१ कोटी. त्याचे ९.६ कोटी देणं बाकी होतं, त्यातले निम्मे बॉस्टनने उचलले आणि ते बॉस्टनच्याच खात्यात धरले गेले, वर्षाला १.६ कोटी. बेट्सचा त्या वर्षीचा पगार २.७ कोटी. म्हणजे टॅक्सच्या हिशेबात बॉस्टनचे ४.२ कोटी वाचले. दुभती गाय विकताना त्याच दाव्याला थकलेला बैल बांधला, की गिऱ्हाईक गाईची किंमत पाडूनच मागणार. तसंच झालं. शिवाय बेट्सच्या करारात एकच वर्ष उरलं होतं, त्यामुळे भाव आधीच कमी होता.

बदल्यात ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग आले. आधीच्या तीन संघांच्या आराखड्यात मिनेसोटाचा तरुण पिचर ब्रुस्डार ग्रॅटेरॉल बॉस्टनला मिळणार होता. त्याचे वैद्यकीय अहवाल पाहून बॉस्टनने हात मागे घेतला आणि तो डॉजर्सकडे गेला. डाउन्स बॉस्टनकडून २०२२ मध्ये जेमतेम १४ सामने खेळला आणि त्याच डिसेंबरमध्ये संघाबाहेर झाला. बेट्सने डॉजर्सशी १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला आणि पहिल्याच हंगामात वर्ल्ड सिरीज जिंकली.

बोगार्ट्सचं प्रकरण उलट आहे आणि त्याच्याबद्दल अधिक चीड यायला हवी. सॅन डिएगोने त्याला ११ वर्षांसाठी २८ कोटी दिले, म्हणजे चाळिशी ओलांडेपर्यंत. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) एवढी मुदत न देण्यात चूक नव्हती. चूक झाली ती ऑगस्ट २०२२ च्या ट्रेड डेडलाइनला, म्हणजे मोसमात खेळाडूंची अदलाबदल करण्याच्या शेवटच्या मुदतीला. संघ प्लेऑफच्या शर्यतीत मागे पडत होता. व्यवस्थापनाने कॅचर क्रिस्टियन व्हास्केझला ह्यूस्टनला दिलं, पण जे. डी. मार्टिनेझ आणि नेथन इओवाल्डी यांना ठेवून घेतलं. शेवटी संघ ७८ विजय, ८४ पराभव असा गटात तळाला राहिला, आणि टॅक्सची रेषाही किंचितशी ओलांडली गेली. टॅक्स बसला जेमतेम १२ लाख डॉलर. खरा भुर्दंड वेगळाच होता. क्लबने क्वालिफाइंग ऑफर (ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव) दिलेला खेळाडू दुसरीकडे गेला, की भरपाई म्हणून ड्राफ्टची एक निवड मिळते. रेषेखाली राहिले असते, तर बोगार्ट्स आणि इओवाल्डी यांच्या बदल्यात दुसऱ्या फेरीनंतरच्या दोन निवडी मिळाल्या असत्या. रेषेवर गेल्याने त्या चौथ्या फेरीनंतर घसरल्या, म्हणजे जवळपास साठ जागा खाली. धड जिंकण्यासाठी खर्चही नाही आणि धड बचतही नाही. एखादा महागडा करार वेळेत दुसऱ्या संघाच्या गळ्यात घातला असता, तरी हे टळलं असतं.

व्हास्केझच्या ट्रेडवर तेव्हा खूप टीका झाली होती. त्यातून आलेल्या विल्यर अब्रेऊने २०२४ मध्ये राइट फील्डचा गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला, हेही नोंदवायला हवं.

*प्रश्न : ट्रेड झाला त्याच दिवशी तो चांगला की वाईट, हे सामान्य चाहत्याला कळू शकतं का? क्रिस सेल अटलांटाला गेला तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, पण त्याने लगेच सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

बऱ्याच अंशी कळू शकतं. चार गोष्टी पाहायच्या: खेळाडूवर क्लबचा हक्क किती वर्षं उरला आहे, सोबत रोख रक्कम कोण देतंय, रिकाम्या होणाऱ्या जागेवर कोण खेळणार, आणि त्याचं शरीर किती खेळलंय.

हक्काची वर्षं मोजणं सोपं आहे. मेजर लीगच्या रोस्टरवर १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. अशी सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा. साधारण पहिली तीन वर्षं तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या पद्धतीने ठरतो. म्हणूनच २२ वर्षांच्या, जेमतेम खेळलेल्या खेळाडूची किंमत चाहत्याच्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त निघते.

सेलचा व्यवहार या कसोट्यांवर घासून पाहा. डिसेंबर २०२३, वय ३४. कोपरावरच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेमुळे २०२० पूर्ण बुडालं. पुढच्या तीन वर्षांत तो अनुक्रमे ९, २ आणि २० सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला, एकूण ३१. बदल्यात मिळालेला वॉन ग्रिसम २२ वर्षांचा, अनेक वर्षांच्या हक्काचा, आणि सेकंड बेसची जागा बॉस्टनला भरायचीच होती. इथपर्यंत व्यवहार पटतो. दोन गोष्टी तेव्हाही खटकायला हव्या होत्या. बॉस्टनने सोबत १.७ कोटी डॉलर दिले, म्हणजे पिचरही गेला आणि टॅक्सच्या खात्यातली ती जागाही. दुसरी त्याहून गंभीर आहे. संघाकडे सुरुवातीचे पिचर मुळातच तोकडे होते आणि मालकांपैकी टॉम वर्नर यांनी त्याच हिवाळ्यात पूर्ण जोर लावण्याची जाहीर ग्वाही दिली होती. सेलच्या जागी लुकस जिओलिटोला दोन वर्षांसाठी ३.८५ कोटी दिले. मार्चमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि पूर्ण हंगाम हुकला. ग्रिसमला मांडीच्या दुखापतीने घेरलं. तिकडे सेलने १८ विजय, २.३८ ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) आणि २२५ स्ट्राइकआउटसह, तिन्हींत अव्वल राहून, नॅशनल लीगची ट्रिपल क्राउन मिळवली. बॉस्टन ८१–८१.

सेल इतका सावरेल हे त्या दिवशी कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, त्याचा दोष व्यवस्थापनाला देता येत नाही. पण पिचरच्या दुखापती ठरलेल्याच असतात. पाच जागांसाठी किमान आठ भरवशाचे पिचर हाताशी नसताना एक देऊन टाकणं, ही चूक त्याच दिवशी दिसत होती.

याच्या उलट गॅरेट क्रोशेचा व्यवहार. डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टनने काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मेड्रोथ आणि विकेलमन गोन्झालेझ असे चार प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) शिकागो व्हाइट सॉक्सला दिले. टील कॅचर, तोही पहिल्या फेरीतला, म्हणून अनेकांना हळहळ वाटली. पण क्रोशेवर दोन वर्षांचा हक्क होता, त्याचा डावा हात जोमात होता आणि नेमकी उणीव भरून निघत होती. क्लबने पुढे त्याला ६ वर्षं आणि १७ कोटींचा वाढीव करार दिला, २०२६ पासून. त्याने २०२५ मध्ये १८–५, २.५९ ईआरए आणि २५५ स्ट्राइकआउट अशी कामगिरी केली, स्ट्राइकआउटच्या यादीत अमेरिकन लीगमध्ये पहिला. चांगला माल हवा तर दुखेल एवढी किंमत मोजावीच लागते. बेट्सच्या वेळी हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली होती.

*प्रश्न : डेव्हर्सला काढलं, मग ब्रेगमनही गेला. एका वर्षात दोन थर्ड बेसमन घालवले. हे कसं घडलं? – एक वाचक, ठाणे*

डेव्हर्सचा करार १० वर्षांचा, ३१.३५ कोटींचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लबने ॲलेक्स ब्रेगमनला तीन वर्षांसाठी १२ कोटींना घेतलं, दर वर्षाअखेर बाहेर पडण्याच्या मुभेसह. ब्रेगमन थर्ड बेसचा उत्तम क्षेत्ररक्षक, त्यामुळे डेव्हर्सच्या हाती फक्त बॅट राहिली. मे महिन्यात ट्रिस्टन कासासचा गुडघा गेला आणि डेव्हर्सला फर्स्ट बेस सांभाळायला सांगितलं. त्याने नकार दिला. १५ जूनला तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला. उरलेला सगळा करार, २५ कोटींहून अधिक, जायंट्सने घेतला.

इथे दोष क्रमाचा आहे. एवढ्या मोठ्या कराराच्या खेळाडूची जागा बदलायची असेल, तर दुसरा खेळाडू घेण्याआधी त्याच्याशी बोलणं पक्कं करायचं असतं, आणि वसंतातल्या सरावात त्याला नव्या जागी खेळवायचं असतं. मोसम सुरू असताना नवी जागा शिकवता येत नाही. ब्रेगमनच्या करारातली मुभा एकतर्फी होती: तो वाईट खेळला असता तर पैसा क्लबच्या गळ्यात, चांगला खेळला तर तो मोकळा. तो चांगला खेळला, मोकळा झाला आणि शिकागो कब्जने त्याला ५ वर्षांसाठी १७.५ कोटी दिले. अशी मुभा दिलेला करार नेहमी एका वर्षाचा धरावा आणि त्या जागेसाठी मायनर लीगमध्ये कुणीतरी तयार ठेवावा.

*प्रश्न : डॉजर्सने शोहेई ओहतानीचे पैसे पुढे ढकलून टॅक्स चुकवला, असं ऐकतो. ही लबाडी नाही का? – एक वाचक, सॅन होजे*

नियमात बसतं आणि ही सोय तीसही क्लबांना आहे. ७० कोटींच्या करारातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी द्यायचे आहेत. दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत कमी, म्हणून टॅक्सच्या खात्यात वर्षाला ७ ऐवजी सुमारे ४.६ कोटी धरले जातात. लांबवलेली रक्कम क्लबला वेळीच बाजूला काढून ठेवावी लागते. बेट्सच्या ३६.५ कोटींपैकीही ११.५ कोटी असेच लांबवलेले आहेत. म्हणजे बॉस्टनलाही हा मार्ग खुला होता.

*प्रश्न : आयपीएलचा लिलाव एक-दोन दिवसांत उरकतो. बेसबॉलचा बाजार चार महिने का रेंगाळतो? कोणत्या तारखांना लक्ष ठेवावं? – एक वाचक, पुणे*

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, २०२५ च्या लिलावात १२० कोटी रुपये, आणि बोली उघड असते. इथे थैलीला मर्यादा नाही, एजंट प्रत्येक क्लबशी बंद दाराआड बोलतो, आणि थांबण्यात त्याचा फायदा असतो. कधी तोटाही होतो: जॉर्डन माँटगोमेरीने मार्च २०२४ च्या अखेरपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी एका वर्षाचे २.५ कोटी घेतले.

वर्ल्ड सिरीज संपल्यावर पाचव्या दिवसानंतर फ्री एजंट कुठल्याही क्लबशी करार करू शकतात. नोव्हेंबरमध्ये क्वालिफाइंग ऑफरचे निर्णय होतात आणि लवादाच्या टप्प्यातल्या कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, ते ठरतं. त्या रात्री सुटलेल्यांत स्वस्तातले उपयुक्त खेळाडू मिळतात, तिकडे लक्ष ठेवा. डिसेंबरमध्ये विंटर मीटिंग्ज, जानेवारीत लवादाचे आकडे, फेब्रुवारीच्या मध्यावर फोर्ट मायर्सला, रेड सॉक्सच्या सरावतळावर, पिचर आणि कॅचर हजर. ‘एक अज्ञात क्लबही शर्यतीत आहे’ अशी बातमी आली, तर ती बहुधा एजंटकडून आलेली समजा. कराराचे आकडे स्पोट्रॅकवर आणि खेळाडूच्या फटक्यांचा वेग, चेंडूची फिरकी बेसबॉल सॅव्हंटवर विनामूल्य पाहता येतात.

एक तारीख वेगळी लिहून ठेवा. खेळाडूंची संघटना आणि क्लब यांच्यातला सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या खेपेला तो संपल्यावर २ डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस टाळेबंदी होती आणि मेजर लीगच्या खेळाडूंचे करार आणि ट्रेड पूर्ण थांबले होते. त्यामुळे त्या हिवाळ्यातली महत्त्वाची खरेदी नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यातच घाईने होण्याची शक्यता मोठी आहे.