झीज की कमजोर ठसा?

प्रश्न : संग्रहातल्या नाण्यांची प्रत ठरवताना माझा अंदाज दर वेळी बदलतो. छायाचित्रांशी ताडूनही खात्री होत नाही. सराव कसा करावा?

उत्तर : छायाचित्रात चमक एका जागी थांबलेली असते, म्हणून नमुन्याची खरी नाणीच जवळ ठेवा. एकाच छापाची, जाणकारांनी प्रत ठरवलेली चार-पाच पुरेत. नाण्याची प्रत आकड्यात सांगणारी शेल्डन मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. ६० पासून पुढची नाणी न वापरलेली. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो ५८ आणि ६२ मधला फरक ओळखण्यात. दोन्ही नाणी कडेने धरून एकाच दिव्याखाली सावकाश कलती करा. ६२ वर ओरखडे कदाचित जास्त असतील, पण चमकेचा पट्टा उंचवट्यांवरूनही अखंड सरकतो. ५८ वर तो नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालापाशी, केसांपाशी तुटतो. तिथला धातू मंद दिसतो. नाणं पाडतानाच ठसा कमजोर उमटला असेल तर तपशील पुसट, पण चमक शाबूत. ती झीज नव्हे! हे डोळ्यांत बसायला मला दोन वर्षं लागली.

आपल्या नाण्याचा आकडा आधी कागदावर लिहा, मगच नमुन्याशी ताडा. आणि नाणं घासून पुसू नका, कृपा करा. घासल्याने पडलेल्या बारीक रेघा कायमच्या राहतात.