मोठा टीव्ही आणि गावची लाईन: वाचकांचे प्रश्न

कापसाचे चुकारे सुरू झाले की या सदराकडे टीव्हीची पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांची उडी ६५ इंचांच्या वर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही हातभार असणार. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

बैठक १४ बाय ११ फुटांची आहे. दिवसभर बातम्या नाहीतर क्रिकेट, रात्री सिनेमा, आणि सुट्टीत पोरगा गेमचा प्लेस्टेशन ५ घेऊन येतो. ६५ इंची ओएलईडी घ्यावा की जवळपास त्याच पैशांत ७५ इंची मिनी एलईडी? दुकानात ओएलईडीच झकास दिसला.
(एक वाचक, तिवसा, जि. अमरावती)

तुमच्या घराला ७५ इंची मिनी एलईडी. ओएलईडी वाईट म्हणून नाही, तुमच्या घरात टीव्ही ज्या पद्धतीनं चालतो त्यासाठी.

आधी अंतर. टीव्ही १४ फुटी भिंतीला आणि समोर दिवाण, असं धरलं तर डोळा ते पडदा ९ फूट राहतात. ६५ इंची पडदा १४४ सेंटिमीटर रुंद असतो, ७५ इंची १६६. सिनेमा बघताना पडद्यानं नजरेचा निदान ३० अंशांचा कोन भरावा, असा संकेत आहे. ९ फुटांवरून ६५ इंची त्या रेषेवर कसाबसा पोचतो, ७५ इंची ३४ अंशांच्या आसपास जातो. आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर जुने पेपर चिकटवून १६६ बाय ९३ सेंटिमीटरचा तुकडा करा, भिंतीला लावा आणि दोन दिवस राहू द्या. उंचीही तेव्हाच ठरवा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला हवा: दिवाणावरून साडेतीन फूट, सतरंजीवर बसून बघत असाल तर अडीच. आपल्याकडे टीव्ही देवाच्या फोटोच्या रांगेत टांगतात आणि मग तासाभरात मान धरते.

दुसरं उजेडाचं. दिवसा दार उघडं, समोर अंगणातलं ऊन. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याच्या काळ्याला तोड नाही. पण पडदाभर पांढरं दाखवायचं झालं की तो उजेड आवरता घेतो, आणि भर दुपारी क्रिकेटचं मैदान फिकट दिसतं. मिनी एलईडीत मागे हजारो बारीक दिवे असतात, तिथे तो वरचढ ठरतो.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं. बातम्यांच्या वाहिनीचा लोगो आणि खालची पट्टी रोज सहा-आठ तास एकाच जागी राहिली तर तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर झिजतात आणि दोन-तीन वर्षांत त्या पट्टीची सावली सिनेमातही दिसू लागण्याची भीती असते. याला उपाय म्हणून ओएलईडी स्वतःची डागडुजी करतो. एकूण चारेक तास चालल्यावर तुम्ही रिमोटनं बंद केला की स्टँडबायमध्ये काही मिनिटं ठिपके तपासून समतोल करतो. त्यासाठी बोर्डावरचं बटन चालू असावं लागतं. गावात झोपताना बटन बंद करायची सवय, त्यात रात्रीचं लोडशेडिंग, म्हणजे ही डागडुजी होतच नाही. ओएलईडी आधीच घेतलेल्यांनी रिमोटनं बंद केल्यावर निदान अर्धा तास लाईन चालू ठेवावी, मग खुशाल बटन बंद करावं.

मिनी एलईडीचाही दोष सांगतो. दिव्यांचे गट केलेले असतात, ते गट कमी असले की काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षराभोवती धुरकट वलय दिसतं. खोक्यावर मिनी एलईडी लिहिलेलं असूनही गट शे-दोनशेच असतात, असे टीव्हीही बाजारात आहेत. गटांचा आकडा विचारा. काहीशे तरी हवेत, हजाराच्या घरात असतील तर उत्तम. दुकानात काळ्यावर पांढरी सबटायटल्स असलेला रात्रीचा प्रसंग लावायला सांगा आणि टीव्ही शोरूम मोडमधून काढून होम मोडवर, मग फिल्ममेकर मोडवर न्यायला लावा. झकासपणा तिथेच अर्धा उतरतो आणि खरा टीव्ही दिसतो. समोरून बघून झालं की दिवाणाच्या टोकाला बसल्यासारखं बाजूनंही बघा. मिनी एलईडीत बरेचदा बाजूनं रंग फिके पडतात.

फक्त रात्री, दिवे घालवून सिनेमा बघणारं घर असतं तर उत्तर ओएलईडी असं दिलं असतं.

टीव्हीवर १२० हर्ट्झ लिहिलंय, पण प्लेस्टेशन ५ लावला की माहितीपट्टीत ६० दिसतं. दुकानदार म्हणतो केबल बदला. दोन बदलल्या.
(एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा)

तिसरी घेऊ नका. प्लेस्टेशन ५ चा होम मेनू ६० वरच (सेकंदाला ६० चित्रं) चालतो; १२० दिसायला १२० चा पाठिंबा असलेला गेम सुरू हवा, आणि तोही परफॉर्मन्स मोडवर. बहुतेक गेम ३० किंवा ६० फ्रेमचेच असतात. असा गेम लावूनही ६० च दिसलं, तर या क्रमानं बघा.

टीव्हीच्या मागे चार एचडीएमआय पोर्ट असले तरी पुष्कळ टीव्हींत त्यातले दोनच ४के १२० चे (२१६० ओळींचं बारीक चित्र १२० च्या वेगानं घेणारे) असतात. पोर्टाशेजारी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. सोनीच्या बऱ्याच टीव्हींत ते दोन म्हणजे ३ आणि ४, आणि ३ नंबर साउंडबारचाही. म्हणजे साउंडबार लावला की कन्सोलला एकच जागा उरते. एलजीच्या सी मालिकेत चारही पोर्ट पूर्ण क्षमतेचे असतात, दोन कन्सोल असलेल्या घरात त्याचा उपयोग होतो.

पोर्ट बरोबर असला तरी टीव्हीत तो मोकळा करावा लागतो. सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट 'एन्हान्स्ड' करायचं, सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस' चालू करायचं, एलजीत 'डीप कलर'. हे राहून गेलं की बाकी सगळं करून उपयोग नाही. मग प्लेस्टेशनच्या सेटिंग्जमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओत जाऊन १२० हर्ट्झ आउटपुट 'ऑटोमॅटिक' ठेवा. तिथेच व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशनमध्ये टीव्ही काय काय घेऊ शकतो ते दिसतं.

कन्सोल साउंडबारमधून टीव्हीकडे नेला असेल तर तो थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ईआर्कनं (एचडीएमआयमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी सोय) बारकडे पाठवा. जुना बार मधे आला की १२० तिथेच अडतं. केबल म्हणाल तर प्लेस्टेशनच्या खोक्यात आलेलीच या कामाची असते. वेगळी घ्यायचीच तर 'अल्ट्रा हाय स्पीड' लेबलाची, तीन मीटरच्या आत.

हे सगळं करूनही ४के १२० येत नसेल तर टीव्हीच तसा आहे. स्वस्त टीव्हींत पॅनल मुळात ६० हर्ट्झचं असतं आणि डीएलजी नावाच्या युक्तीनं उभ्या दिशेची बारकाई निम्मी करून १२० दाखवतात. चित्र हलकं पळतं, पण ४के राहत नाही. पुढच्या वेळी 'नेटिव्ह १२०' (पॅनलच खरं १२० चं) आणि 'व्हीआरआर' (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं) हे दोन्ही शब्द माहितीपत्रकात शोधा. 'मोशन रेट २४०' असल्या आकड्यांकडे बघूही नका.

सॅमसंगमध्ये डॉल्बी व्हिजन नाही म्हणतात. टाळावा का?
(एक वाचक, काटोल, जि. नागपूर)

तेवढ्यासाठी नाही. डॉल्बी व्हिजन म्हणजे प्रसंगाप्रमाणे उजेड आणि रंग जुळवून चित्र उठावदार दाखवायची (एचडीआर) एक पद्धत. तोच सिनेमा त्यावर एचडीआर१० किंवा एचडीआर१० प्लसमध्ये दिसतो. प्लेस्टेशन ५ चे गेम एचडीआर१० च देतात, तिथे फरक शून्य. एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस असेल तरच विचार करा, कारण त्याचे काही गेम डॉल्बी व्हिजनमध्ये चालतात.

आमच्या इकडे व्होल्टेज कधी १६०, कधी अडीचशे. पाऊस लागला की डीपी उडते. सव्वा लाखाच्या टीव्हीला स्टॅबिलायझर लावावा का? इन्व्हर्टरवर गेम चालेल का?
(एक वाचक, मारेगाव, जि. यवतमाळ)

टीव्हीच्या मागची पट्टी वाचा. 'एसी १००-२४० व्होल्ट' असेल तर १६० ला तो आरामात चालतो, त्याच्यासाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. गावात टीव्ही मरतात ते दुसऱ्या दोन कारणांनी.

पहिलं म्हणजे डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटणं. मग एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात तीनशेच्या वर व्होल्ट येतात, काही सेकंदांत पॉवर बोर्ड जळतो. यावर उपाय मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. वरची हद्द २६० आणि खालची १७० ठेवा. तुमचं १६० रोजचंच असेल तर खालची १५० करा, नाहीतर दिवसभर तुटत राहील. लाईन परत आल्यावर निदान एक मिनिट थांबून जोडेल अशी वेळ लावा, कारण परत येतानाचा पहिला झटकाच वाईट असतो.

दुसरं म्हणजे आकाशातली वीज. ती बोर्डातूनच येते असं नाही; छतावरच्या डिशची तार आणि इंटरनेटची तांब्याची केबल यांतूनही येते आणि एचडीएमआयचा पोर्ट जाळते. मळभ दाटलं की प्लग काढा आणि सेटटॉप बॉक्सची डिशकडची तारही काढा. नुसतं बटन बंद करून भागत नाही.

सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका शोषणारं उपकरण) लावाल तर आधी अर्थिंग बघा, अर्थिंगशिवाय तो जवळपास शोभेचाच. वायरमनकडून मल्टिमीटरनं मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० असेल तर फेज-अर्थही त्याच्या जवळपास यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. काळ्या मातीत गंमत अशी की पावसाळ्यात मोजाल तर अर्थिंग चोख, आणि मे महिन्यात माती भेगाळून पाइपापासून सुटली की तेच अर्थिंग मेलेलं. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करा, आणि मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर टीव्ही लागतो, पण साउंडबार गुरगुरतो आणि पॉवर सप्लाय तापतो. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असं बटन असतं, ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर लाईन जाऊन बॅटरी लागेपर्यंत कन्सोल बंद पडतो, आणि तेव्हा गेम सेव्ह होत असेल तर डेटा बिघडू शकतो. टीव्ही १५०-२०० वॅट आणि प्लेस्टेशन साधारण २०० धरा. १५० एएचची नवी बॅटरी एवढ्यावर अडीच-तीन तास जाते, पंखा लावला की आणखी कमी. तीन वर्षं जुन्या बॅटरीवर सिनेमाचा शेवट बघायला मिळेलच असं नाही.

घर मातीच्या भिंतीचं, वर कवेलू. ६५ इंची टांगता येईल का? उन्हाळ्यात कूलर समोरच्या खिडकीत असतो.
(एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

टांगू नका. टीव्ही २०-२५ किलोचा, वर ब्रॅकेट. मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही. आज घट्ट वाटला तरी पावसाळ्यात भिंत ओलावली की सैल होतो. मजबूत टेबलावर ठेवा. आधी टीव्हीच्या पायांमधलं अंतर माहितीपत्रकात बघा. काहींचे पाय अगदी दोन टोकांना असतात आणि घरचं टेबल आखूड पडतं. मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. छिद्रांतून पाल आत जाऊन बोर्ड शॉर्ट करते, म्हणून मागची बाजू आठवड्याला बघत जा. पण छिद्रांवर जाळी किंवा कापड लावू नका, टीव्ही कोंडतो.

कूलरची जागा बदला किंवा टीव्हीची. टीव्हीच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान साधारण ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, म्हणजे कूलर लागणारच. पण त्याचा झोत थेट पडद्यावर नको. वाळ्यातून येणारे बारीक तुषार खालच्या काठातून आत जातात, पाणी क्षाराचं असेल तर वाळल्यावर पांढरा थर राहतो आणि रिबन केबलची टोकं गंजतात. मग पडद्यावर उभ्या रेघा येतात, आणि कंपनीचा माणूस 'लिक्विड डॅमेज' लिहून वॉरंटी नाकारतो.

डीडी फ्री डिश मोठ्या टीव्हीवर अगदीच पुसट दिसते. टीव्ही खराब आहे का?
(एक वाचक, मूल, जि. चंद्रपूर)

टीव्ही ठीक आहे. फ्री डिशच्या बहुतेक वाहिन्यांचं चित्र ५७६ ओळींचं, पडदा २१६० ओळींचा. मधलं सगळं टीव्हीनं अंदाजानं भरलेलं. शार्पनेस शून्याकडे न्या, चेहरे बरे दिसतील. मोठ्या पडद्याचं चीज करायचं तर इंटरनेटवरून ४के बघा. नेटफ्लिक्सला त्यासाठी १५ एमबीपीएसचा स्थिर वेग लागतो, त्यांचा वरचा प्लॅनही घ्यावा लागतो, आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा सिनेमातली गाणी संपायच्या आत संपेल.

ऑनलाइन घ्यावा की नागपूरहून आणावा?
(तीन-चार पत्रांतला प्रश्न)

कुठूनही घ्या, पण पैसे देण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस नंबरवर आपला पिनकोड सांगून माणूस घरी येतो का ते विचारा. काही कंपन्या तालुक्याच्या पुढे येत नाहीत, आणि ७५ इंची टीव्ही सर्व्हिस सेंटरला नेणं म्हणजे पुन्हा पिकअप आलीच. येतानाही खोकं उभंच हवं, दोन बाजूंनी दोरीनं बांधलेलं, मधे गादी. आडवं टाकलं की पहिल्या गचक्याला पॅनल तडकतं, तडा वॉरंटीत बसत नाही आणि नव्या पॅनलला टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. खोकं फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. मग लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे एकरंगी पडदे पेन ड्राइव्हवरून लावा; मेलेला ठिपका आणि कोपऱ्यातला उजेडाचा डाग तेव्हाच सापडतो. कंपनीचा माणूस सही मागेल, ती हे बघून झाल्यावर करा.