शब्दांची सोयरीक : व्हिस्कीतलं पाणी

प्रश्न : ‘व्हिस्की’ हा शब्द आयरिश असून तो आपल्या ‘उदका’चा नातेवाईक आहे, असं ऐकलं. यात तथ्य आहे का? असं नातं तपासतात कसं?

उत्तर : तथ्य आहे. आयरिशमध्ये पाण्याला ‘इश्क्य’ म्हणतात (स्पेलिंग यू-आय-एस-सी-ई). ‘इश्क्य बाहा’ म्हणजे जीवनजल; लॅटिन ‘आक्वा व्हिटे’चं शब्दशः भाषांतर. इंग्रजांनी ‘बाहा’ गाळलं आणि उरलेल्या पाण्याची ‘व्हिस्की’ केली. आयरिश बखरींत 1405 साली एक सरदार नाताळात हे जीवनजल अति प्यायल्याने मेल्याची नोंद आहे. त्याच्यापुरतं ते मृत्युजल ठरलं, असा खवचट शेराही बखरकाराने मारलाय.

स्पेलिंगमधला पहिला ‘यू’ उच्चारातून गेला असला तरी खरा दुवा तोच. संस्कृत, ग्रीक, इंग्रजी, आयरिश या सगळ्यांची पूर्वज असलेल्या मूळ भारत-युरोपीय भाषेत पाण्याच्या धातूची ‘वोद्’ आणि ‘उद्’ अशी दोन रूपं होती. पहिल्यातून इंग्रजी ‘वॉटर’, रशियन ‘वदा’. दुसऱ्यातून संस्कृत ‘उदक’, ग्रीक ‘ह्युदोर’. केल्टिकमध्ये (आयरिश ज्या भाषाकुळातली, त्यात) ‘उद्’ला ‘स्क्य’ असा प्रत्यय जोडला गेला, ‘द्’ पुढच्या ‘स्’मध्ये जिरला आणि ‘स्’चा पुढे ‘श्’ झाला.

‘बाहा’सुद्धा आपल्याच गोतावळ्यातलं. ओठ गोल करून उच्चारलेल्या मूळ ‘ग्व’चा केल्टिकमध्ये ‘ब’ झाला, संस्कृतात पुढच्या स्वरानुसार ‘ग’ किंवा ‘ज’. म्हणून आपला ‘जीव’ तिथे ‘ब्यो’ (जिवंत), ‘गो’ तिथे ‘बो’, आणि वेदांतली ‘जनि’ (स्त्री) तिथे ‘ब्यॅन’. एक जोडी जुळली तर योगायोग म्हणता येईल. तोच बदल शब्दामागून शब्दांत दिसला, की नातं पक्कं.

नेमकी चूक इथेच होते. आयरिशमध्ये माशाला ‘ईअस्क’ म्हणतात, आणि मासा पाण्यातला, म्हणून अनेकजण तो ‘इश्क्य’ला चिकटवतात. पण केल्टिकने शब्दारंभीचा ‘प’ टाकून दिला होता. लॅटिन ‘पिस्किस’मधला ‘प’ काढा, ‘ईअस्क’चं गोत्र सापडेल, ‘पितृ’चा आयरिश भाऊबंद ‘अहिर’ (वडील) झाला तोही तसाच. ‘आक्वा’चा धातूही वेगळा, अर्थ एक असला तरी.

स्वतः शोधायचं तर आजच्या स्पेलिंगवरून सुरुवात करू नका. रॉयल आयरिश अकादमीच्या कोशात साधारण 700 ते 1700 या काळातली रूपं मिळतात. आधी तिथलं सर्वांत जुनं रूप घ्या. त्यामागे जाताना शब्दाआधी तारा (*) दिसला, तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेतून बांधलेलं आहे.