व्हिक्टोरियन काळातल्या ‘पेटंट औषधां’त नेमकं काय असायचं आणि लोक ती का घ्यायचे?

पेटंट औषधं म्हणजे घटक गुप्त ठेवून जाहिरातीच्या जोरावर विकली जाणारी तयार औषधं. बहुतेकांत जुलाबाचं काहीतरी, अफू किंवा दारू. बीचम्स पिल्सचंच उदाहरण घ्या. थॉमस बीचम लहानपणी मेंढरं राखायचा, पुढे उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशरच्या बाजारांत गोळ्या विकू लागला. जाहिरात अशी की डबी एका गिनीच्या, म्हणजे एकवीस शिलिंगच्या, मोलाची. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये पृथक्करण छापलं, तर आत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण! साडेतेरा पेन्सच्या डबीतला माल जेमतेम अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे एका पेनीच्या आठव्या भागाचा. पोट साफ व्हायचं, हे मात्र खरं.

खरी भीती ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’सारख्या पातळ औषधांची. काकवीत अफू. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना ते पाजून झोपवून ठेवलं जाई, आणि काही मुलं कायमची झोपत. 1868 च्या ब्रिटिश कायद्याने अफूच्या विक्रीवर बंधनं आली, पण पेटंट औषधं त्यातून वगळली.

लोक का घ्यायचे? डॉक्टरची फी परवडत नव्हती. शिवाय डॉक्टर तरी काय देत होते, तर पारा आणि जळवा. त्यातच बाटलीवर सरकारी स्टँप असायचा. तो निव्वळ कराचा, पण गिऱ्हाइकाला वाटे की सरकारची मान्यता आहे.

झाडपाल्याचे वैद्य वेगळे. अमेरिकेहून आलेल्या कॉफिन नावाच्या अशाच एका वैद्याने उत्तर इंग्लंडच्या कामगारांत लोबेलिया ही वनस्पती आणि लाल मिरचीचे उपचार रुजवले. लोबेलियाने सडकून उलटी होते. तरी हे लोक किमान काय देतोय ते सांगत, म्हणून माझं मत त्यांच्याबद्दल जरा बरं आहे.