जांभळा इंडिका गांजा लावू का? आलेल्या प्रश्नांना एकत्र उत्तर
मंडळी, एकाच विषयावर इतके फोन आणि मेसेज आलेत की सगळ्यांना मिळून इथेच लिहितो. बहुतेकांनी तीच रील पाठवलीय, गडद जांभळ्या फुलांचा बुटका गांजा, खाली लिहिलंय पर्पल इंडिका, किलोला लाखात भाव, बी घरपोच. एका भावांचा प्रश्न, "साहेब कपाशीनं दोन वर्षं मारलं, अर्धा एकर हे लावून बघू का?" दुसऱ्यांचं म्हणणं की उत्तराखंडात सरकारच परवाना देतं, मग आपल्याला का नाही. काहींनी हेम्पचं, म्हणजे धागा-बियांसाठीच्या कमी नशेच्या गांजाचं, बी विकणाऱ्या जाहिराती पाठवल्यात. आणि एका ताईंनी विचारलंय की बांधावर आपोआप उगवलेलं झाड शेजारी गांजाचं आहे म्हणतात, काय करू.

लावू का, याचं उत्तर नाही. एक झाडसुद्धा नाही, परसात नाही, कुंडीत नाही. १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा गांजाच्या वंशातलं कुठलंही झाड एकाच मापात धरतो, जांभळं असो हिरवं असो, इंडिका म्हणा नाहीतर हेम्प म्हणा. विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. लोक म्हणतात १ किलोच्या आत असलं तर शिक्षा कमी, पण तो हिशोब माल जवळ सापडण्याचा आहे, लागवडीच्या कलमाला किलोचा हिशोब लागत नाही. आणि अजून एक, तुम्ही कसलेल्या जमिनीत झाडं सापडली आणि ती तिथं कशी आली याचं पटेल असं कारण तुम्हाला देता आलं नाही, तर कायदा गुन्हा तुमचाच धरून चालतो. ऊस, तूर, कपाशीच्या आत लपवून लावलेला गांजा पकडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, धुळ्याच्या शिरपूर भागातल्या तर सगळ्यांनी वाचल्या असतील, आणि त्यात आत जातो तो शेतकरी, रील बनवणारा कधीच नाही.

बी विकायला बंदी नाही मग पेरायला का, असंही विचारलंय. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा आणि फळाचा शेंडा, शेंड्याशिवायचं नुसतं बी किंवा पान त्या व्याख्येत येत नाही. जाहिरातवाले याचाच फायदा घेतात. २०२१ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाण्यासाठी विकायला मान्यता दिली, ती खाण्यापुरती आहे. पेरलं आणि उगवलं की ते झाड झालं, मग वरचं कलम लागतं.

आता त्या जांभळ्या रंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळी भुरळ तिथूनच पडते. हा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. तेच वांग्याच्या सालीत, जांभळात, लाल कांद्यात असतं. काही वाणांत ते बनवायचा गुण जन्मजात जास्त असतो आणि फुलोऱ्याच्या काळात रात्री थंड झाल्या की हरितद्रव्य कमी होऊन तो रंग वर दिसायला लागतो. आपल्या कपाशीवर लाल्या येतो तेव्हा पानात साठतं तेही अँथोसायनिनच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्रीचं तापमान घसरलं, बोंडं भरताना नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलं की पान कडेनं लाल होत आत सरकतं, शिरा आधी हिरव्या राहतात मग सगळंच पान लाल होऊन गळतं. मक्याला थंडीत स्फुरद कमी पडलं की खालची पानं कडेला जांभळी होतात, तेही हेच. म्हणजे जे लक्षण कपाशीत दिसलं की तुम्ही घाबरून मला फोटो पाठवता त्याच रंगाचे रीलवाला लाख रुपये सांगतोय! रंगाचा नशेच्या ताकदीशी तसा काही संबंध नाही, हिरव्या फुलातही टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, तेवढंच असू शकतं. रंगानं फोटो चांगला येतो एवढंच.

इंडिका या नावाचंही तसंच. लामार्क या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून हे नाव दिलं, आज बाजारात इंडिका म्हणून जे विकतात ते मात्र मुख्यतः हिंदुकुश पर्वताकडचं, अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या थंड कोरड्या डोंगरातलं बुटकं, रुंद पानाचं, घट्ट फुलाचं झाड. ते आपल्याकडं तसंच येईल हेही खरं नाही. हे पीक दिवस लहान झाले की फुलावर येतं, आणि आपल्याकडं जूनमध्येसुद्धा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, उत्तरेकडचा उन्हाळी दिवस त्याहून बराच मोठा. म्हणून तिकडचे वाण इकडं नीट वाढण्याआधीच फुलावर येऊ शकतात. वर पावसाळ्याची हवा, घट्ट फुलात ओल अडकली की आतून बुरशी लागते. आणि सप्टेंबरात आपल्या रात्री एवढ्या थंड कुठं असतात? फोटोतला रंग वावरात दिसेलच याचा काही भरवसा नाही.

उत्तराखंडचं म्हणाल तर एनडीपीएसचं कलम १४ सरकारला धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी द्यायची मुभा देतं, त्याचा वापर करून त्या राज्यानं परवाने सुरू केले. पण अट बघा, झाडात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे. तिथल्या डोंगरात बियांची चटणी करतात, सालीचे दोर वळतात, तो जुना वापर आहे. तुम्ही पाठवलेल्या जांभळ्या वाणात टीएचसी सहज १५ टक्क्यांच्या वर असतं, ते फुलासाठीच तयार केलेलं आहे, म्हणजे उत्तराखंडातसुद्धा ते त्या परवान्यात बसणार नाही. हिमाचलमध्येही औद्योगिक आणि औषधी लागवडीची चर्चा विधानसभेपर्यंत गेलीय. जम्मूला केंद्र सरकारच्या सीएसआयआरची संस्था औषधासाठी संशोधनाची लागवड करते, तीही परवानगी आणि पहाऱ्यात. महाराष्ट्रात शेतकऱ्याला असा परवाना मिळत नाही. कुणी "परवाना काढून देतो, आधी बियाण्याचे पैसे भरा, माल आम्हीच उचलू" म्हणाला तर एक रुपया देऊ नका, कागदाचा फोटो काढून तालुका कृषी कार्यालयात दाखवा.

नगरकडच्या एका काकांनी लिहिलंय की पूर्वी आमच्याकडं राजरोस गांजा पिकायचा. खरंय, इंग्रजांच्या काळात नगर जिल्ह्यात परवान्यावर लागवड होती, १८९३-९४ च्या गांजा-भांगेवरच्या सरकारी चौकशी आयोगाच्या अहवालात त्याची नोंद आहे. पण काका, तेव्हाही परवाना लागायचाच, मोकळीक नव्हती.

हेम्पच्या जाहिरातींपैकी दोन फोटो तर चक्क तागाचे आहेत, पिवळ्या फुलांचे! ताग हे द्विदल पीक, गांजाशी काही नातं नाही, बिनधास्त पेरा. हिरवळीच्या खताला एकरी २० ते २५ किलो बी टाका आणि फुलावर यायच्या बेतात, साधारण ४५ ते ५० दिवसांनी जमिनीत गाडा. ज्या भावांनी कपाशीचं विचारलं त्यांना माझा खरा सल्ला इथं आहे, जमिनीचा कस वाढवा. लाल्या येत असेल तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घेऊन फवारा, नत्र कमी असेल तर २ टक्के युरियाची फवारणी वेगळी घ्या, १०-१५ दिवसांनी पुन्हा. एकदा लाल झालेलं पान हिरवं होणार नाही, पण पुढची पानं वाचतात. माती परीक्षण केलं नसेल तर पेरणीआधी करून घ्या. दोन वर्षं कपाशीनं मारलं याचं मलाही वाईट वाटतं भाऊ, पण त्यावर तुरुंग हा उपाय नाही.

आता ताई तुमचं. आधी ते अंबाडी नाही ना बघा, अंबाडीचं पान लांबून हुबेहूब तसंच दिसतं आणि लोक नेहमी फसतात. अंबाडीचं पान एकाच पानाला खोल कापे पडल्यासारखं, फुल मोठं फिकट पिवळं आणि आत गडद जांभळा ठिपका. गांजाच्या पानात एका देठाच्या टोकाला ५ ते ९ वेगवेगळ्या लांबट पात्या, कडेला करवतीसारखे दाते, फुलं बारीक हिरवी, हात लावला की चिकट आणि उग्र वास. गांजाच असेल तर तोडून घरी नेऊ नका, वाळवू नका, कुणाला देऊ नका. आपल्या जमिनीतल्या अशा लागवडीची माहिती देणं ही कायद्यानं जमीनधारकाचीच जबाबदारी आहे, म्हणून आजच पोलिस पाटलांना किंवा ठाण्यात सांगा, लेखी द्या आणि पोच घ्या. जमीन वाट्यानं दुसऱ्याला कसायला दिली असेल तर स्वतः एक फेरी मारून या, विशेषतः उसाच्या मधल्या सऱ्या बघा. फोटो मला पाठवलात तर अंबाडी की गांजा तेवढं लगेच सांगतो, पानाचा वरून एक आणि फुलाचा जवळून एक, दोन्ही पाठवा.